निवडणारे मोईन सर

गेल्या आठवड्यात दुकानात मुरूडकडचा एक तरुण आला. सोयाबीनच्या पिशव्या बघितल्या, दोन-तीन वाणांची चौकशी केली, घेतलं काहीच नाही. गिऱ्हाईक हटेपर्यंत दारातल्या बाकावर बसून राहिला. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "अप्पा, एक इचारू का? राग मानू नका."

"विचार की."

"तुमचं नांदेडला झालं म्हनतेत. लेकरू. आमचंबी तिथंच चालूय. डॉक्टर म्हनायलेत, शुक्रजंतू निवडायची नवी पद्धत घ्या. तुमी घेतली होती का? त्यानंच झालं का?"

मी त्याला बसवलं, पाणी दिलं. तपासणीला किती वाजता जायचं, सोबत कोणते रिपोर्ट न्यायचे, नमुना द्यायच्या दिवशी अंगाला अत्तर-सेंट लावू नको, हे सगळं सांगितलं. फक्त त्यानं जे विचारलं होतं, तेच सांगितलं नाही. 'हो, त्यानंच झालं' म्हटलं असतं तर खोटं झालं असतं. 'त्यानं नाही झालं' हेही खोटंच झालं असतं. पोरगा उठून गेला. अप्पा लपवायलेत, असं त्याला वाटलं असणार.

मी लपवत नव्हतो. मला खरंच माहीत नाही. ज्या माणसाला ते माहीत असायला हवं होतं, त्यालाही माहीत नव्हतं. तो पोरगा गेल्यावर दिवसभर मला तो माणूस आठवत राहिला. मोईन इनामदार. आम्ही त्यांना मोईन सर म्हणायचो.

नांदेडच्या त्या दवाखान्यात मुख्य डॉक्टर एक बाई होत्या. त्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणायचे. तपासणं, इंजेक्शनं, बीज काढायचं ऑपरेशन, सगळं त्यांचं. पण काढलेलं बीज आणि शुक्रजंतू ज्या खोलीत एकत्र आणतात आणि गर्भ वाढवतात, ती खोली मोईन सरांची. ते डॉक्टर नव्हते. प्राणिशास्त्र शिकून पुढं याच कामाचं शिक्षण घेऊन आलेले. मूळ कंधारचे. पन्नाशीला टेकलेले, बुटके, अंगानं भरलेले. चालणं इतकं हळू, की डोक्यावर काठोकाठ भरलेली घागर आहे असं वाटावं. डाव्या डोळ्याभोवती कायम बारीक सुरकुत्या. सूक्ष्मदर्शकात एका डोळ्यानं बघायची जुनी सवय, असं ते सांगायचे. आताच्या यंत्रात दोन्ही डोळ्यांनी बघतात, तरी त्यांचा डावा डोळा मिटायचाच.

पहिल्यांदा मी नमुना द्यायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, माझा वास घेतला.

"दुकान कशाचं हाय?"

"बी-बियाणं, खतं, औषधं."

"वाटलंच. ह्या शर्टावर येऊ नका. अन् ते सेंट कशाला मारलंय? लग्नाला चाललाव का?"

औषधांचा वास झाकायला मी सेंट मारला होता. मी मान खाली घातली. त्यांच्या खोलीत बाहेरचा कसलाही वास चालायचा नाही, गर्भाला सोसत नाही म्हणायचे. फरशी पुसणाऱ्या बाईशी त्यांचं फिनाईलवरून आठवड्याला एक तरी भांडण व्हायचं. स्वतः अत्तराचे शौकीन. पण लावायचे फक्त सुट्टीच्या दिवशी, आणि दुसऱ्या दिवशी दोनदा आंघोळ करून यायचे. "नांदेडात राहून अत्तर न्हाई लावायचं म्हणजे शिक्षाच की," असं एकदा मलाच सुनावलं, जसं काही ती शिक्षा मीच दिली होती.

महानंदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, लातुरात सगळ्या तपासण्या होऊन गेल्या होत्या. आमच्याकडं आधी बाईलाच तपासतात. तिच्यात काही निघालं नाही. निघालं ते माझ्यात. हलणारे शुक्रजंतू थोडे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या आतला धागा तुटलेला. डीएनए म्हणतात तो. वय आम्हा दोघांचंही पुढं गेलेलं. मॅडमनी सांगितलं, एकेक शुक्रजंतू वेचून बारीक सुईनं बीजात सोडावा लागेल. आता सुया कुणाला टोचायच्या? तिलाच. दोष माझा आणि रोज पोटात सुई तिच्या. सकाळी ती पदर बाजूला करून बसायची, आणि मी देवघरात पूजेला बसल्यासारखं करायचो.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. तरुणपणी वडिलांच्या दुकानात बियाण्याला औषध चोळायचं काम माझ्याकडं असायचं. गुलाबी पूड. हातमोजे कुणी घालायचं नाही. संध्याकाळी हात कोपरापर्यंत गुलाबी. मला वाटायचं, त्यानंच सगळं झालं. मी मोईन सरांना गाठून विचारलं.

"सर, त्या पुडीनंच झालं ना?"

"असंल."

"म्हणजे त्यानंच."

"असंल म्हणालो, अप्पा. नसंलबी. तुमच्याइतकी पूड चोळलेल्यांना चार-चार लेकरं हायत. अन् पुडीला हात न लावलेले बाहेर बसलेत, बघा."

"मग कशामुळं झालं?"

"सांगता येत न्हाई."

"तुम्हाला सांगता काय येतं?"

त्यांना राग आला नाही. त्यांनी खरोखर विचार केला. "आजच्या नमुन्यात किती हलायलेत, ते येतं," म्हणाले.

त्यांचं हे 'आजचा नमुना' ठरलेलं असायचं. तुमचं कमी आहे, तुमच्यात दोष आहे, असं ते कुणाला म्हणत नसत. आजचा नमुना असा आहे. पुढच्या वेळचा वेगळा असेल, नसेल. बाकीच्या पुरुषांना त्यानं धीर यायचा. मला यायचा नाही. मला कुणीतरी 'तूच गुन्हेगार' म्हणायला हवं होतं. माणूस एकदा गुन्हेगार ठरला की माफी तरी मागू शकतो. हा माणूस मला तेवढंही करू देत नव्हता.

दवाखान्यातल्या बाकीच्यांची भाषा वेगळी होती. होईल, नक्की होईल, काळजी करू नका. मोईन सर समोर आले की लोक त्यांनाही विचारायचे, "सर, होईल ना?" त्यावर त्यांचं उत्तर 'हाव' नं सुरू व्हायचं, मग 'पण' यायचं, आणि त्या 'पण'नंतर वाक्य कुठं जायचं ते त्यांनाही कळायचं नाही. अर्ध्यात थांबून आत निघून जायचे. लोक म्हणायचे, हा माणूस कामाचा आहे, पण बोलता येत नाही याला.

देगलूरकडच्या एका म्हातारीचा किस्सा मी डोळ्यांनी बघितलेला आहे. सुनेला घेऊन आली होती. मॅडमच्या तोंडून तिनं 'निवड' हा शब्द ऐकला होता. मोईन सर बाहेर आले तशी ती त्यांच्या वाटेत उभी राहिली.

"सायेब, लाखातून एक निवडून घेता म्हनं?"

"हाव, माय."

"मग निवडायलाच बसलाव, तर पोराचं निवडा की. पोरीचं कशाला घेता?"

सगळ्यांच्या माना वळल्या. तिच्या पाठीमागंच भिंतीवर पाटी होती, की इथं मुलगा-मुलगी बघत नाहीत, तो गुन्हा आहे. म्हातारीला वाचता येत नव्हतं.

"माय, त्याच्यावर लिहिलेलं नसतंय."

"लई मोठ्ठं करून बघता म्हनं तुमी."

"मोठ्ठं केलं तरी डोकं अन् शेपटीच दिसती. अन् दिसलं असतं तरी केलं नसतं. मला जेलात भाकर कोण आणून देईल? तुम्ही?"

"देते की! माज्या हातची भाकर खाऊन तर बघा."

बाहेर बसलेले सगळे हसले. त्या सूनबाईही पदराआडून हसल्या. मोईन सर हसले नाहीत. उभ्या उभ्या कपाळ चोळत राहिले. नंतर जिन्यात मला भेटले तर म्हणाले, "हा शब्दच वाईट हाय, अप्पा. निवड. लोकांना वाटतंय, आम्ही काहीतरी ओळखून घेतो. निवडायला ओळख पाहिजे. आम्ही नुसतं वेचतो." दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. "वेचतोबी न्हाई नीट. जाऊ द्या."

महानंदाला मात्र ते आवडायचे. तिनं एकदा सरळच विचारलं, "सर, तुम्ही निवडताना बघता तरी काय?"

"चाल बघतो, ताई. सरळ पोहतो का, गोल गोल फिरतो. मग डोकं. लंबगोल हाय का, लई मोठं न्हाई ना. मान, शेपूट. त्यातला बरा दिसला की उचलायचा."

"आणि आतलं? तो धागा तुटलेला आहे का नाही?"

"ते वरून दिसत न्हाई."

"म्हणजे स्थळ बघायला आल्यासारखंच की. चालून दाखव म्हणायचं, नाकडोळे बघायचे, अन् पसंत करायचं."

मोईन सरांचा चेहरा एकदम उघडला. त्यांना इतकं मोठ्यानं हसताना मी तेव्हाच बघितलं. "बरोबर! अगदी तसंच. आतलं लग्नानंतर कळतंय."

"आमच्या घरच्यांनीबी असंच चालीवरून पसंत केलतं बघा," महानंदा माझ्याकडं न बघता म्हणाली. ते दोघं हसत राहिले. मीही हसलो. हसणं कुणावर चाललंय ते मला नीट कळलं नव्हतं.

एका रविवारी ते आमच्या दुकानात आले होते. लातुरात त्यांच्या भाचीचं लग्न होतं. अत्तराचा दरवळ दुकानात आधी आला, मग ते. मी त्यांना आत नेलं. मागच्या खोलीत मी नव्या सोयाबीनच्या उगवणीची चाचणी लावली होती. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून ठेवायची, चार-सहा दिवसांनी उलगडून किती उगवले ते मोजायचं. सत्तर उगवले तर बियाणं पास. आमच्याकडं शेतकऱ्यांच्या पोरांनाही येतं हे. मोईन सर गुंडाळीसमोर उकिडवे बसले. कोंब आलेल्या एका दाण्याला बोट लावून म्हणाले, "आता ह्याचं काय करायचं?"

"टाकून द्यायचं. गुरांना."

"पेरायचं न्हाई?"

"हे चाचणीचे दाणे, सर. पेरायचे ते पोत्यातले."

"म्हणजे ज्याची चाचणी केली तो पेरत न्हाई, अन् पेरला त्याची चाचणी झालेली न्हाई."

"होय की."

त्यांनी दाण्यावरचं बोट काढून घेतलं. "आमचंबी तेच हाय, अप्पा. धागा तुटलाय का बघायला शुक्रजंतू मारावा लागतो. मारलेला वापरता येत न्हाई. वापरला, त्याच्या आत काय होतं ते कुणालाच माहीत न्हाई."

मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं, की आम्ही दोघं एकाच धंद्यातले. पण मी उलट चिडलो. माझ्या डोक्यात दवाखान्याच्या दारावरचा फलक होता. त्यावर यशाचा टक्का मोठ्या आकड्यात लिहिलेला. मी आजवर तो टक्का उगवणीच्या टक्क्यासारखाच वाचत होतो. शंभर दाण्यांतले एवढे उगवणार. आमचा एक प्रयत्न तेव्हा वाया गेला होता. गर्भ सोडला आणि धरलाच नाही. मी म्हणालो, "सर, शेतकऱ्याचं उगवलं नाही तर तो पिशवी घेऊन माझ्या दारात येतो. पंचनामा होतो. आम्ही कुणाच्या दारात जायचं?"

"फलकावरचा टक्का कशाचा हाय, इचारलं का तुम्ही?"

"यशाचा."

"यश म्हणजे काय? बीज फळलं हे यश? तपासणीत दिवस गेल्याचं निघालं हे यश? का लेकरू घरी नेलं हे यश? तिन्हीचे टक्के वेगळे. अन् तीस वर्षांची बाई, चाळिशीची बाई, सगळ्या एकाच आकड्यात." मग गोणपाटाकडं बोट केलं. "तुमचा तरी सत्तर टक्का कशाचा हाय? दाण्याला मोड आला एवढंच ना. रास झाली का त्याच्यात?"

वीस वर्षं मी तो टक्का लोकांना दाखवत होतो. मोड येणं आणि धान्याची रास घरात येणं यात पाऊस, कीड, गोगलगायी, सगळं पडलेलं असतं हे मला माहीत होतं. गिऱ्हाईकालाही माहीत होतं. दवाखान्यात गेलो तेव्हा मात्र मी ते विसरलो. ते का विसरलो, हे मला आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या प्रयत्नात मोईन सरांची एक चूक झाली. निदान ते तिला चूकच म्हणायचे. गर्भ सोडायच्या दिवशी मी त्यांच्या फार मागं लागलो, काहीतरी बोला म्हणून. ते म्हणाले, "दिसायला तर लई सुंदर हाय." एवढंच. मी ते वाक्य लातूरपर्यंत उराशी धरून आणलं. महानंदाला दिवस राहिले. घरात कुणी मोठ्यानं बोलेना. मग दोन-अडीच महिन्यांत सगळं गळून गेलं.

आम्ही नांदेडला तपासायला गेलो तेव्हा मोईन सर आपण होऊन बाहेर आले. एरवी ते बाहेर येऊन कुणाशी बोलत नसत. महानंदाच्या समोरच्या खुर्चीवर बसले. गुडघ्यांवर दोन्ही हात.

"मी सुंदर म्हणालो होतो, ताई."

"हो."

"म्हणायला नको होतं."

"पण होता ना सुंदर?"

त्यांनी मान हलवली. "होता."

"मग राहू द्या तो शब्द. तेवढं तरी राहू द्या," महानंदा म्हणाली.

ते उठले, आणि कुठं जायचं ते न कळल्यासारखे फाटकाबाहेर जाऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले. केळीचा गाडा होता. अर्धापुरी केळी. त्यांनी एक फणी घेतली, परत आत आले, आणि ती महानंदाच्या शेजारच्या खुर्चीवर ठेवून काहीही न बोलता आपल्या खोलीत गेले. परत येताना एसटीत आम्ही ती केळी खाल्ली. त्या दिवशी दुसरं काही खाल्लंच नव्हतं.

महानंदानं सांगितलं, आता एकदाच. तिसरा आणि शेवटचा. त्यापुढं तिचं शरीर ती कुणाला देणार नव्हती. म्हणजे आता जे काही करायचं ते या एकाच वेळी. मॅडमनी नवी पद्धत सुचवली. काचेच्या छोट्या पट्टीत केसासारख्या बारीक वाटा असतात. एका टोकाला नमुन्याचा थेंब ठेवायचा. जे आपल्या बळावर पोहत दुसऱ्या टोकाला पोचतील, तेवढेच घ्यायचे. जुन्या पद्धतीत नमुना यंत्रात गरगर फिरवतात, त्यात काहींना इजा होते म्हणे. या पट्टीलाच चिप म्हणतात. मी लगेच हो म्हणालो. अजून काही असेल तर तेही करा म्हणालो. चिकटवून निवडायची पद्धत आहे ती, जास्त मोठं करून बघायची आहे ती, सगळ्या.

मोईन सरांना विचारलं, "घेऊ ना सर?"

"पट्टीतून आलेल्यांत तुटलेले कमी असतेत. हे मी बघितलंय."

"म्हणजे लेकरू होईल."

"ते मी बघितलेलं न्हाई. काहींना होतंय, काहींना न्हाई. जुन्या पद्धतीनंबी तसंच. जगभर भांडायलेत यावर, अप्पा, माझ्याहून शहाणे लोक."

"तुमच्या घरचं असतं तर काय केलं असतं?"

हा प्रश्न त्यांना सगळ्यांत नकोसा होता. त्यांनी डावा डोळा मिटला. मग म्हणाले, "अर्धं इकडं, अर्धं तिकडं. बीजं येतील त्यातल्या अर्ध्यांत पट्टीतला शुक्रजंतू, अर्ध्यांत जुन्या पद्धतीचा. सगळं एकाच टोपलीत ठेवायचं न्हाई." मॅडमनाही ते पटलं.

बीज काढायच्या दिवशी एक अडचण झाली. नर्स म्हणाली, गळ्यातलं सगळं काढा. महानंदानं मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं, पण गळ्यातलं शिवदार, म्हणजे इष्टलिंगाचा दोरा, काढेना. आम्ही लिंगायत, आमच्यात लिंग अंगावेगळं करत नाहीत. नर्स नवीन होती, ती म्हणत होती, दागिना चालत नाही. महानंदा रडकुंडीला आली. मोईन सर दारातून म्हणाले, "अहो, दागिना न्हाई तो. निर्जंतुक पिशवीत घालून दंडाला पट्टीनं बांधा. बांधून घ्या अन् चला, बीजं काय वाट बघत बसतेत का?" बांधलं. नर्सला त्यांनी हे कुठं शिकलात म्हणून विचारू दिलं नाही.

बीजं थोडीच आली. शेवटी हाती राहिले दोन गर्भ. एक पट्टीकडचा, एक जुन्या पद्धतीचा. दोन्ही बरे, मोईन सर यावेळी सुंदर वगैरे म्हणाले नाहीत. मॅडम म्हणाल्या, वय बघता आणि शेवटचा प्रयत्न आहे म्हणताय तर दोन्ही सोडू. दोन्ही सोडले.

एक राहिला. सोनोग्राफीत एकच ठोका दिसला, आणि तो शेवटपर्यंत टिकला. मुलगी झाली. गौरी.

दोनातला कोणता, हे मी विचारणार होतोच. बाळंतपणानंतर थोड्या दिवसांनी फोन केला.

"अप्पा, दोन्ही तुमचेच, दोन्ही ताईंचेच. आत गेल्यावर कोणता राहिला, हे आता कोणत्याच तपासणीत निघत न्हाई."

"तुमचा अंदाज तरी?"

त्यांचा आवाज थकलेला आला. "मलाबी लई वाटतं हो, कळावं. मी तर रोज हेच करायलो. मला कळायला पाहिजे होतं."

मी ते का विचारत होतो, हे मलाच नीट कळत नव्हतं. पट्टीतला असेल, तर माझं बी नासलेलंच होतं आणि यंत्रानं वाचवलं. जुन्या पद्धतीचा असेल, तर माझ्यात तसं काही नव्हतंच, मग आधीचे दोन का गेले? महानंदानं ते सगळं कशासाठी सोसलं? दोन्हीकडून मी सुटत नव्हतो. तरी एक उत्तर हवं होतं. महानंदा म्हणायची, "पोरगी दूध पितीय, झोपतीय. अजून काय इचारायचंय तुम्हाला?"

गौरी दीड वर्षाची झाली तेव्हा दवाखान्यानं तिथं जन्मलेल्या लेकरांचा मेळावा घेतला. नांदेडच्या एका मंगल कार्यालयात. फुगे, केक, लाऊडस्पीकर. लेकरंच लेकरं, पायाखाली येत होती. मॅडमनी मला स्टेजवर बोलावलं. माईकवरून सांगितलं, "हे लातूरचे अप्पा. नव्या पद्धतीनं यांना यश मिळालं." त्या खोटं बोलत नव्हत्या, आम्ही ती पद्धत घेतली होतीच. माईक माझ्या हातात दिला. समोर शे-दोनशे माणसं, त्यातली काही अजून लेकरू नसलेली, मुद्दाम बोलावलेली. ती माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती, ती मला ओळखीची होती.

मी म्हणालो, "आम्ही दोन्ही केलं होतं. नवं पण, जुनं पण. मुलगी झाली. तिचं नाव गौरी." माईक मॅडमकडं परत दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणाला काय कळलं कुणास ठाऊक.

मोईन सर सगळ्यांत मागच्या रांगेत, पंख्याखाली बसले होते. आम्ही गौरीला घेऊन त्यांच्याकडं गेलो. मी तिला त्यांच्या मांडीवर ठेवायला गेलो, तर त्यांनी दोन्ही हात मागं घेतले. "नको, नको. मला जमत न्हाई एवढ्या मोठ्याला धरायला." महानंदा हसली. त्यांनी तिला दुरूनच बघितलं. डावा डोळा मिटून, बराच वेळ.

"सगळी ताईंवर गेलीय," ते म्हणाले.

गौरी माझ्यासारखी दिसते. रंग, कपाळ, कान, सगळं. गल्लीतलं कुणीही सांगेल.

"अहो सर, सगळं गाव ह्यांच्यावर गेली म्हणतंय," महानंदा म्हणाली.

"म्हणू द्या. मला तर ताईच दिसायल्या." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या बोलण्यात 'पण' आला नाही.

ते मला दोषातून सोडवत होते, की मला काही देत होते, की काढून घेत होते, की त्यांना खरंच तसं दिसत होतं, मला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. पुढं त्यांनी तो दवाखाना सोडला. हैदराबादकडं गेले म्हणतात. जुना नंबर लागत नाही.

मेळाव्याच्या त्या दिवशी जेवणं झाल्यावर आम्ही निघालो. दारातून मी मागं वळून बघितलं. मोईन सर खुर्चीवरून उठून चालायला लागले होते, तेवढ्यात कुठलंसं लेकरू रांगत येऊन त्यांच्या पायाला धरून उभं राहिलं. दोन्ही हातांनी पँट घट्ट पकडलेली. त्यांनी पाय उचलला नाही. तसेच खिळून उभे राहिले, कमरेत किंचित वाकून, एक हात त्या लेकराच्या डोक्यावर छत्रीसारखा धरलेला, डोक्याला न लावता. आणि आजूबाजूला बघत मोठ्यानं विचारत होते, "अहो, हे कुणाचं हाय? हे लेकरू कुणाचं हो?"

लाऊडस्पीकर चालू होता. कुणाला ऐकू गेलं नाही.